वाचकांचे प्रश्न: बंदूक दाखवून लूट झाली, आता गावाने काय करायचं?

आयर्लंडच्या लहान गावांत राहणाऱ्या मराठी वाचकांकडून या वेळी एकाच विषयावर बरीच पत्रं आली. गावातल्या दुकानात, पोस्टात किंवा क्रेडिट युनियनमध्ये (म्हणजे सभासदांच्या पतसंस्थेत) कुणी बंदूक दाखवून गल्ला नेला की गाव ढवळून निघतं. कुणी घाबरतं, कुणी चिडतं, कुणी फोनवर नको ते पसरवतं. त्यातले काही प्रश्न आणि आमची उत्तरं खाली दिली आहेत. गार्डा म्हणजे आयरिश पोलीस, हे नव्या वाचकांसाठी.

प्रश्न: मी काउंटी रॉस्कॉमनमधल्या एका गावात दुकानातल्या पोस्टाच्या काउंटरवर काम करते. शेजारच्या गावात लूट झाल्यापासून धाकधूक आहे. आमच्याकडे असं झालं तर लुटारू गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत नेमकं काय करायचं? मालक म्हणतात, "आधी मला फोन कर."

मालकांना दुसरा फोन करा. पहिला 999 किंवा 112 ला. दोन्ही क्रमांक एकाच ठिकाणी लागतात आणि दोन्हींना पैसे पडत नाहीत. ऑपरेटर विचारेल, कोणती सेवा हवी? "गार्डा" म्हणा, की फोन त्यांच्या नियंत्रण कक्षाकडे जाईल. गावातल्या गार्डा स्टेशनचा क्रमांक फिरवत बसू नका. ग्रामीण स्टेशनं बरीचशी दिवसातले काही तासच उघडी असतात आणि रिकाम्या खोलीत घंटी वाजत राहते. तुमच्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी आपत्कालीन फोन दुसऱ्या उपलब्ध नेटवर्कवरून जातो. कुठलंच नेटवर्क पोचत नसेल अशा जागी लँडलाइन ठेवायलाच हवी.

फोनवर पहिली गोष्ट सांगायची ती दुकानाचा एअरकोड. 2015 पासून प्रत्येक घराला आणि दुकानाला स्वतंत्र सात अक्षरी कोड आहे. एका टाउनलँडमधल्या (म्हणजे गावाच्या शिवारातल्या एका छोट्या भागातल्या) वीस घरांचा पत्ता शब्दशः सारखा असू शकतो, म्हणून "चर्चच्या पुढे, पूल ओलांडून" असं सांगण्यात मिनिटं जातात. कोड मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी आणि गल्ल्यामागे चिकटवा. एरवी पाठ असलेला कोड अशा वेळी आठवत नाही. मग या क्रमाने सांगा: शस्त्र दिसलं का आणि कोणतं, कुणी जखमी आहे का, लुटारू किती होते, कशाने आणि कोणत्या रस्त्याने गेले, जाऊन किती मिनिटं झाली. समोरचा सांगेपर्यंत फोन ठेवू नका.

दरवाजा आतून लावा. गाडीचा नंबर बघायला बाहेर धावायचं नाही. बंदूक अजून त्यांच्याच हातात आहे आणि पळताना ते सर्वात बिथरलेले असतात. खिडकीतून जेवढं दिसेल तेवढं पुरे.

कशालाही हात लावू नका. काउंटर, दाराची मूठ, ट्रे, त्यांच्या हातून पडलेली पिशवी, सगळं जसंच्या तसं राहू द्या. आपल्याकडे पंच बोलावून पंचनामा होतो, तसा प्रकार इथे नाही. घटनास्थळ तपासणारे गार्डा येऊन फोटो आणि ठसे घेतात. तोपर्यंत कुणी फरशी पुसली तर बुटाचा ठसा गेला. माणूस घाबरला की सवयीने आवरायला लागतो, आणि नुकसान बहुधा इथेच होतं. दार उघडायला मूठ धरावीच लागली, तर कुणी आणि कुठे धरली ते लिहून ठेवा.

दुकानातल्या गिऱ्हाइकांना थांबायची विनंती करा. कुणी थांबत नसेल तर नाव आणि फोन घ्या. मग प्रत्येकाने एकमेकांशी बोलण्याआधी आपापलं लिहून काढायचं. चार जण बोलले की चौघांच्या आठवणी एक होतात आणि सर्वात ठासून बोलणाऱ्याची चूक सगळ्यांच्या जबाबात शिरते. पुढे न्यायालयात बचाव पक्षाचा वकील नेमकं तेच पकडतो. लिहायचं काय? उंची (दाराच्या चौकटीच्या मानाने), बोलण्याचा लहेजा, वापरलेले शब्द, हात, हातमोजे, बूट. वरचं जाकीट पुढच्या वळणावर फेकता येतं, बूट सहसा तेच राहतात. बंदूक असेल तर नळी एक की दोन, दोन असतील तर शेजारी शेजारी की वरखाली, नळी कापून आखूड केलेली होती का, दस्ता लाकडी होता का. बऱ्याच जणांना नळीचं तोंड तेवढं आठवतं, चेहरा आठवत नाही. धोक्यासमोर नजर शस्त्रावर खिळते, सगळ्यांचीच. आठवत नसेल तर "आठवत नाही" असंच लिहा.

गाडीच्या नंबरप्लेटचं एक गणित लक्षात ठेवलं तर अर्धी प्लेटही उपयोगी पडते. 2013 पासून पहिले तीन आकडे वर्ष आणि सहामाही सांगतात: 131 म्हणजे 2013 चा पूर्वार्ध, 132 म्हणजे उत्तरार्ध. मग काउंटीची अक्षरं आणि शेवटी क्रमांक. मागची प्लेट पिवळी असेल तर गाडी बहुधा उत्तर आयर्लंडची किंवा ब्रिटनची. प्लेट चोरीची असू शकते, म्हणून गाडीचा पोचा, तुटलेला दिवा, छतावरचा रॅक हेही टिपा.

सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरशी खटपट करू नका. फक्त त्याच्या पडद्यावरची वेळ आणि तुमच्या फोनवरची वेळ यांत किती फरक आहे ते लिहा. उन्हाळी वेळ बदलल्यावर रेकॉर्डर एक तास मागे किंवा पुढे राहिलेला असतो, हे नेहमीचंच. जुनं चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं, ते किती दिवसांनी हे मालकांना आजच विचारून ठेवा.

आणि लूट चालू असताना? मागतील ते द्या. सावकाश हला, काय करताय ते बोलून दाखवा: "ड्रॉवर उघडते आहे." तिजोरी वेळेच्या कुलपाची असेल तर ती इतक्या मिनिटांआधी उघडत नाही, हे एकदाच स्पष्ट सांगा. तशी पाटी काउंटरवर आधीपासून असली तर तुमच्यावर खोटं बोलल्याचा संशय येत नाही. मूक अलार्मचं बटण हात न हलवता दाबता येत असेल तरच दाबा.

प्रश्न: बातमीत कधी "रॉबरी", कधी "अ‍ॅग्रॅव्हेटेड बर्गलरी". दोन्ही दरोडाच ना?

नाही. आपल्या कायद्यात दरोडा म्हणायला पाच किंवा जास्त माणसं लागतात. आयरिश कायद्यात अशी संख्या नाही. 2001 च्या चोरी आणि फसवणूकविषयक कायद्यात तीन गुन्हे वेगळे आहेत. बळ वापरून किंवा त्याची भीती घालून चोरी करणं ही रॉबरी, म्हणजे जबरी चोरी, कमाल शिक्षा जन्मठेप. गुन्ह्याच्या हेतूने इमारतीत घुसणं ही घरफोडी, कमाल 14 वर्षं. घरफोडी करताना जवळ बंदूक किंवा दुसरं शस्त्र असेल तर तिसरा प्रकार, पुन्हा जन्मठेपेपर्यंत. दुकानाच्या काउंटरवरची लूट पहिल्यात येते, रात्री शेतघरात सशस्त्र टोळी घुसली तर तिसऱ्यात. जबाब देताना या नावांची चिंता करू नका. घडलं ते सांगा, कलम लावणं त्यांचं काम.

प्रश्न: लूट झाली त्याच संध्याकाळी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका पांढऱ्या व्हॅनचा फोटो फिरला. "हेच ते, ट्रॅव्हलर आहेत" असं लिहिलेलं. मीही पुढे पाठवला. आता वाटतं, चुकलं का?

चुकलं. पण दुरुस्त करता येईल. तुमचा संदेश काढून टाका, तो कुणाकडून कधी आला याची नोंद ठेवा, आणि फोटोत खरंच काही कामाचं असेल तर मूळ फोटो गार्डांना द्या, पुढे ढकललेली प्रत नव्हे.

आयर्लंडच्या गावांत पांढरी व्हॅन प्लंबरकडे असते, पार्सलवाल्याकडे असते, निम्म्या शेतकऱ्यांकडे असते. फोटोतली व्हॅन भलत्याची निघाली तर त्या घरावर संशयाचा शिक्का बसतो आणि तो सहज पुसला जात नाही. ट्रॅव्हलर हा आयर्लंडमधला वेगळा वांशिक समाज आहे, 2017 मध्ये राज्याने त्याला तशी मान्यता दिली. गावात काही घडलं की पहिलं बोट त्यांच्याकडे जातं. परदेशी कामगारांकडेही जातं, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. गडद कातडीचा अनोळखी माणूस रात्री गाडी थांबवून नकाशा बघत होता एवढ्यावर गट पेटतो. उद्या तो माणूस तुमचा भाऊ असू शकतो.

तपासाचंही नुकसान होतं. साक्षीदाराने आधीच फोनवर चेहरा पाहिला असेल, तर नंतरची ओळखपरेड कितपत खरी? त्याने लुटारू ओळखला की फोटो, हे कुणालाच सांगता येणार नाही.

यासाठी गावात टेक्स्ट अलर्ट नावाची व्यवस्था असते. ती 2013 मध्ये सुरू झाली आणि तिची गंमत अशी की ती मुद्दाम एकमार्गी ठेवलेली आहे. संशयास्पद काही दिसलं की सदस्य गटाला नव्हे, गार्डांना फोन करतो. गार्डा नोंद घेतात, पडताळतात, इशारा द्यावा का ते ठरवतात. द्यायचा असेल तर गटाच्या नोंदणीकृत समन्वयकाला संदेश पाठवतात आणि तो तसाच्या तसा सगळ्यांना जातो. उत्तर देण्याची सोय नाही, त्यामुळे शंभर जणांची शंभर मतं नाहीत. लोक म्हणतात, हे फार संथ आहे. असेल, पण चुकीचा माणूस रस्त्यात अडवला जात नाही.

प्रश्न: रविवारी पॅरिश हॉलमध्ये सभा आहे. मला समितीत घ्यायचं म्हणतात. अशा सभांतून काही निष्पन्न होतं का, की नुसता आरडाओरडा?

दोन्ही होतं. आधी राग कशाचा आहे ते समजून घ्या. 2012 आणि 2013 या दोन वर्षांत देशभरातली 139 गार्डा स्टेशनं बंद झाली, बहुतेक ग्रामीण. त्यांतून वाचलेली रक्कम फार मोठी नव्हती, पण ओळखीचा सार्जंट गेला हे गाव विसरलेलं नाही. 2015 च्या शरदात काउंटी टिपररीतल्या थर्ल्सला अशाच विषयावर सभा झाली, तेव्हा हजाराहून जास्त माणसं जमली होती. त्याच नोव्हेंबरात गार्डांनी घरफोड्यांविरुद्ध ऑपरेशन थॉर सुरू केलं. म्हणजे दबावाचा उपयोग होतो, फक्त मागणी नेमकी हवी.

सभेआधी स्टेशनच्या सार्जंटला आणि विभागाच्या गुन्हे प्रतिबंध अधिकाऱ्याला लेखी बोलवा. चालू तपासाबद्दल ते काही सांगणार नाहीत, आणि सांगूही नये. हे सभाध्यक्षाने सुरुवातीलाच जाहीर केलं तर पहिला अर्धा तास वाचतो. संशयितांची नावं मंचावरून किंवा सभेतून कुणीही घ्यायची नाहीत. घेतली तर अध्यक्षाने तिथेच थांबवायचं. लुटलेल्या दुकानातल्या मुलीला "काय झालं ते सांग" म्हणून उभं करू नका. ती साक्षीदार आहे.

मग कामाचं बोला. गावात कम्युनिटी अलर्ट गट आहे का? ही योजना 1985 पासून मुइंतिर ना टीरे ही ग्रामीण संस्था गार्डांबरोबर चालवते; एकट्या राहणाऱ्या वृद्धांवरच्या हल्ल्यांनंतर ती उभी राहिली. अनेक गावांत गट कागदावर असतो, रस्त्याकडेची पाटी गंजलेली आणि समन्वयक दहा वर्षांपूर्वी गाव सोडून गेलेला. तसं असेल तर नवा गट काढू नका, जुना जिवंत करा. घरोघर जाऊन फोन क्रमांक आणि लेखी संमती घ्या. क्रमांकांची यादी ठेवणारा गट डेटा संरक्षण कायद्याखाली जबाबदार असतो, त्यामुळे गाव सोडणाऱ्याचा क्रमांक काढून टाकणंही आलं. दहा-बारा घरांमागे एक माणूस नेमा, नाहीतर सगळं एका निवृत्त शिक्षकाच्या अंगावर पडतं आणि तो आजारी पडला की गट संपतो.

65 वर्षांवरच्या, बेताच्या उत्पन्नाच्या एकट्या माणसांना गळ्यात किंवा मनगटावर घालायचा अलार्म सीनियर्स अलर्ट योजनेतून मिळतो. अर्ज नोंदणीकृत स्थानिक संस्थेमार्फत जातो, पॉबल ही यंत्रणा योजना सांभाळते. सभेत अशा घरांची यादी झाली आणि कुणी अर्ज भरून द्यायला गेलं, तर पुढच्या पंधरवड्यात दिसेल असं एक काम झालं.

ट्रेलर, क्वाड (शेतातली चारचाकी मोटरसायकल), जनरेटर, चेनसॉ यांवर एअरकोड कोरून घ्यायचा दिवस ठरवा. चोराला न थांबवलं तरी सापडलेला माल कुणाचा ते सिद्ध होतं. डिगर (खोदाईचं यंत्र) असलेल्यांना वेगळं सांगा: 2018 आणि 2019 मध्ये सीमेलगतच्या भागांत चोरलेल्या डिगरने भिंतीतली एटीएम उपटून नेण्याचे प्रकार लागोपाठ झाले. रात्री किल्ली डिगरमध्ये ठेवायची सवय तिथे महागात पडली. आणि गेलेलं एटीएम परत आलंच असं नाही, म्हणजे भुर्दंड गावालाच.

प्रश्न: शेजारी रात्री गस्त घालणार आहेत. दोघांकडे परवान्याची शॉटगन आहे. मला बोलावतात. नाही म्हणावं तर "बाहेरचा" ठरेन.

बंदूक घेऊन गस्तीला जाणाऱ्यांबरोबर जाऊ नका. शेतीसाठी किंवा शिकारीसाठी मिळालेला परवाना रस्त्यावर माणसं अडवायला चालत नाही. अंधारात दोन गाड्या समोरासमोर आल्या, दोन्हींत घाबरलेली माणसं आणि एकात बंदूक, की पुढचं कुणाच्याच हातात राहत नाही.

घरात घुसलेल्याविरुद्ध मात्र कायदा घरमालकाच्या बाजूने बराच आहे. 2011 चा घरसंरक्षणाचा कायदा जानेवारी 2012 पासून लागू आहे. गुन्हा करायला कुणी घरात किंवा लगतच्या आवारात शिरलं आहे असं प्रामाणिकपणे वाटलं, तर परिस्थितीत वाजवी ठरेल इतकं बळ वापरता येतं, आणि पळून जाण्याचं बंधन नाही. "वाजवी" या शब्दावर सगळं अडतं. त्याआधी 2004 मध्ये काउंटी मेयोतल्या एका शेतकऱ्याने आवारात शिरलेल्या माणसाला गोळी घालून मारलं. त्याला सदोष मनुष्यवधासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली, 2006 मध्ये ती रद्द झाली आणि फेरखटल्यात तो सुटला. मरणारा ट्रॅव्हलर होता. गावं आणि ट्रॅव्हलर कुटुंबं यांच्यातली कटुता त्या खटल्याने वाढवली, हे त्या भागात राहणाऱ्याने माहीत करून घ्यावं.

गुन्हा करताना सापडलेल्याला सामान्य माणूसही पकडू शकतो, पण गुन्हा किमान पाच वर्षं शिक्षेचा असेल, तो गार्डांना चुकवून पळेल अशी खात्री असेल आणि लगेच गार्डांच्या ताब्यात देणार असाल, तरच. सशस्त्र माणसाच्या बाबतीत हा अधिकार कागदावरच राहू द्या. मिरचीचा स्प्रेही बाळगू नका, आयर्लंडमध्ये तो बंदुकीच्या कायद्यात मोडतो.

शेजाऱ्यांना "मी टेक्स्ट अलर्टचं काम घेतो" असं सांगा. कष्टाचं काम मागून घेणाऱ्याला कुणी बाहेरचा म्हणत नाही.

प्रश्न: इथल्या गणवेशातल्या गार्डांकडे बंदूकच नसते म्हणे. मग सशस्त्र टोळीसमोर ते काय करणार?

खरं आहे, गणवेशातला गार्डा साधारणपणे निःशस्त्र असतो. 1922 मध्ये दल स्थापन झाल्यापासूनची ही रीत आहे. काही डिटेक्टिव्ह शस्त्र बाळगतात आणि देशभर सशस्त्र मदत पथकं गाडीतून फिरत असतात. म्हणून 999 वर एअरकोडनंतर लगेच "बंदूक पाहिली" हे सांगायला हवं, त्यावरून कुणाला पाठवायचं ते ठरतं. जवळचा गार्डा लांब थांबून रस्ता बंद करत असेल तर तो भित्रा म्हणून नव्हे, पथकाची वाट बघतो म्हणून.

शस्त्र असूनही जीव जातात. जून 1996 मध्ये काउंटी लिमरिकमधल्या अडेरला पोस्टाच्या गाडीवरच्या हल्ल्यात डिटेक्टिव्ह गार्डा जेरी मकेब मारले गेले. 25 जानेवारी 2013 ला काउंटी लाउथमधल्या लॉर्डशिप क्रेडिट युनियनच्या आवारात रोख रकमेला संरक्षण देताना डिटेक्टिव्ह गार्डा एड्रियन डनहू मारले गेले. लुटारूंच्या हाती लागली ती रक्कम सुमारे 7,000 युरो.

प्रश्न: लुटीच्या वेळी काउंटरवर असलेली माझी सहकारी कामावर यायला घाबरते. झोप नाही. ती परदेशी परवान्यावर आहे, म्हणून साक्षीलाही कचरते.

साक्ष दिल्याने तिच्या परवान्याला धक्का लागत नाही. इंग्रजी अवघड जात असेल तर जबाबासाठी दुभाषा मागायचा, 2017 च्या गुन्हेपीडितांच्या कायद्याने तो हक्क दिला आहे आणि त्याचे पैसे पडत नाहीत. जबाब सही करण्याआधी वाचून घ्यायचा. नंतर काही आठवलं तर पुरवणी जबाब देता येतो. तपासाचा पल्स क्रमांक (गार्डांच्या संगणकातला नोंद क्रमांक) आणि तपास अधिकाऱ्याचं नाव लिहून ठेवायचं. विभागाचं पीडित सेवा कार्यालय प्रगती कळवतं. 116 006 ही पीडितांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. तिथे कुणी प्रकरणाची चौकशी करत नाही, ऐकून घेतात आणि पुढची वाट सांगतात.

डॉक्टरकडे पहिल्याच आठवड्यात जायला सांगा, मार लागलेला नसला तरी. शारीरिक किंवा मानसिक इजेसाठी भरपाई न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. तो तीन महिन्यांच्या आत गेलेला बरा, आणि त्याला वैद्यकीय नोंद लागते. मालकाने अपघात नोंदवहीत घटना लिहिली का ते बघा. "पैसेच तर गेले" म्हणून ती बऱ्याचदा लिहिलीच जात नाही.

कामावर परत येताना पहिले काही दिवस तिला एकटीने दुकान उघडायला किंवा बंद करायला लावू नका. नेमकी त्याच वेळी लूट झाली असेल तर ती पाळी काही आठवडे बदला. गिऱ्हाइकं प्रेमाने विचारतात, "तू होतीस ना त्या दिवशी?" दिवसातून तीस वेळा. त्यावर एक वाक्य ठरवून द्या, "गार्डांनी बोलू नका सांगितलंय." बहुतेक गिऱ्हाइकं तिथेच थांबतात. न थांबणाऱ्याला दुसऱ्या सहकाऱ्याने पुढे होऊन विचारायचं, "दूध किती देऊ?"